सरकारी खिडकीतली कोथळी

मुलींचं वसतिगृह, नांदेड
२४ जून १९७४

थावराभिया,

तू मोठा भाऊ, म्हणून आधी पाया पडते. पडले. आता ऐक.

पेटी कोणी भरली? याडीनं भरली असं तू एष्टी स्टँडवर म्हणलास, पण आपली आई एवढी येडी न्हाई. कंदिलात रॉकेल तसंच ठेवून तो कपड्यांत कोणी खुपसला? हिंगोलीपासून गाडी आदळत आपटत आली, अन् सारं रॉकेल माझ्या दोन्ही नव्या पोलक्यांनी पिलं. तिखटाची पुरचुंडी फुटली ती नेमकी इंग्रजीच्या पुस्तकावर. पेटी उघडली तशी पद्मा शिंकत शिंकत बाहेर पळाली. पद्मा म्हणजे खोलीतली माझी जोडीदारीण. वसमतची हाय, तातेराव खिल्लाऱ्यांची पोरगी, वडील साखर कारखान्यात कामाला. आमची पहिली ओळख अशी झाली की दोघींच्या डोळ्यांत पाणी, तिच्या तिखटानं अन् माझ्या रागानं.

मी काय मागितलं होतं? कुलूप, चादर, दोरी, बादली. त्यातली बादली तेवढी आली, ती बी गळकी. अन् न मागितलेला स्टो आला! इथं खोलीत विस्तव पेटवायची बंदी हाय. रेक्टरबाईनं कंदील अन् स्टो दोन्ही उचलून नेले. वर म्हणती कशी, "तांड्यावरून आलीस ना? मग आधीच सांगितलेलं बरं. तुम्हा लोकांना कुठंही चूल मांडायची सवय." मी म्हणाले, "बाई, चूल मांडायला जागा लागती. इथं पाय पसरायला न्हाई." तवापासून ती माझ्याकडं नीट बघत न्हाई. न बघू दे.

खोली म्हणशील तर दोन खाटा, एक फळी, वायरीला लोंबणारा एक बल्ब अन् वीतवीत ओल चढलेली भिंत. भिंतीला खिळा ठोकायचा न्हाई, काही चिकटवायचं न्हाई. एकच खिडकी बरी हाय. खाली नव्या इमारतीचं काम चालू हाय, तेवढी माणसं दिसतात. मला इथं तीन-चार वर्षं काढायची हायत भिया. पोलीस चौकीत डांबल्यासारखी ऱ्हाणार न्हाई मी. काहीतरी करून खोली माणसाची करीन.

अन् एक सांग. पेटीच्या तळाला, घोंगडीच्या घडीत एक कोथळी निघाली. आरशांची, कवड्यांची, लाल-पिवळ्या दोऱ्यानं भरलेली कापडी पिशवी. तोंडाला गाठ अन् आत एक सुपारी. ही कुणाची? बाची तर फाटून गेली होती. याडीच्या हातचं काम बी वाटत न्हाई. चुकून आली असंल तर कळव.

तुझी,
जमना

•

लमाण तांडा, मु. पो. पुसेगाव
३ जुलै १९७४

चि. जमनास थावरसिंग राठोड, कोतवाल, याचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून टाळकं सणकलं. मोठ्या भावाला असं लिहितात? कॉलेजात पाय ठेवला न्हाई तर ही भाषा, मग पुढं काय व्हईल? पेटी याडीनंच भरली. मी फकस्त वरून दोरी आवळली. कंदिलाचं मला काही विचारू नको.

कोथळी चुकून आलेली न्हाई. वसमतच्या मामीनं शिवून पाठवली हाय तुझ्यासाठी. खोली सजवायला. तेवढी एक चांगली वस्तू पेटीत होती तर त्याचं कौतुक न्हाई, पोलक्यांचं रडगाणं!

आता खोलीचं सांगतो, नीट ध्यानात घे. सरकारी जागा हाय. मी कोतवाल हाय, मला कायदा कळतो. खिळा ठोकू नको. बल्बच्या वायरीला काही लटकावू नको. मागल्या साली चावडीत तलाठ्यानं वायरीवर टावेल वाळत घातला, तो भसकन पेटला अन् बोंब माझ्या नावानं झाली. दोरी बांधायची तर बल्बपासून चांगली लांब बांध. ओल्या भिंतीला पुस्तकं टेकवू नको. उदबत्ती लावायची तर वाटीत पाणी घालून त्यात उभी कर, खाटेजवळ न्हाई.

कोथळी खिडकीच्या गजाला टांग. त्याला खिळा बी लागत न्हाई अन् रेक्टरबाईला बोलायला तोंड बी ऱ्हात न्हाई. पण सोताच्या हातानं टांग. दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नको, त्या खिल्लाऱ्याच्या पोरीला तर मुळीच न्हाई. टांगली की लगेच लिही. कशी दिसती, आवडली का, चार ओळी बराबर लिही. मामीला वाचून दाखवायचंय.

याडी बरी हाय. तुला आशीर्वाद सांगती.

थावरसिंग

•

नांदेड
१४ जुलै १९७४

थावराभिया,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा वाटलं की तुला माझी काही काळजी हाय. म्हणून आज तुझ्याशी भांडत न्हाई. आज रेक्टरबाईशी भांडून आलेय, तेवढं पुरं.

झालं काय, पद्मानं बाबासाहेबांचा फोटो आणलाय. खिळ्याची बंदी, म्हणून तिनं तो पेटीवर भिंतीला टेकवून ठेवला. रेक्टरबाई आली अन् म्हणाली, "हे काढा, नियमात बसत नाही." शेजारच्या खोलीत चांगले दणकट खिळे ठोकून देवांची अख्खी रांग लावलीय, ती तिला कधी दिसली न्हाई! पद्मा फोटो उचलायला वाकली. माझ्याच्यानं गप बसवलं न्हाई. मी म्हणाले, "बाई, शेजारचे खिळे आधी उपटा, मग आमची पेटी हलवू." सारा व्हरांडा गोळा झाला. फोटो हाय तिथंच हाय.

आता खोली बघशील तर वळखणार न्हाईस. रॉकेलचा वास जाईना म्हणून एक पोलकं उसवलं, त्याच्या कापडाचा अर्धा पडदा केला. फळीवर पेपर घातला, कडेला कातरून नक्षी काढली. दोरी तू सांगितली तशी बल्बपासून लांब बांधली. अन् कोथळी माझ्या हातानं खिडकीच्या मधल्या गजाला टांगली. आत कंगवा अन् पेन ठेवते. सकाळी ऊन आलं की आरशांचे कवडसे भिंतीभर नाचतात, ओल दिसत बी न्हाई. मला लई आवडली. मामीला सांग, हिच्यामुळं ही खोली माझी वाटायला लागली.

सुपारी पद्मानं खाल्ली. मी हात लावू दिला न्हाई, तिनं दातच लावला.

जमना

•

नांदेड
९ ऑगस्ट १९७४

थावरा,

भिया म्हणायची जीभ होत न्हाई.

खाली बांधकामावर आपल्या बाया कामाला हायत, हे मला महिनाभर ठाऊकच न्हवतं. काल मी खिडकीत केस विंचरत होते. खालून एक बाई आपल्या बोलीत वरडली, "अगं पोरी, तू कोणाची? खेमा नाईकाची कोथळी तुझ्या खिडकीत कशी?" सोनकी तिचं नाव. औंढ्याकडच्या तांड्याची हाय, खेमा नाईकाच्या. मी म्हणाले, माझ्या मामीनं शिवलीय. तशा साऱ्या जणी डोक्यावरच्या पाट्या धरून हसायला लागल्या. सोनकी म्हणाली, "ही नाईकाच्या बायकोनं लेकासाठी शिवली. रतनसिंगासाठी. आख्ख्या तांड्यानं बघितलीय. अन् तू सोताच्या हातानं टांगली ना? मग झालीस की आमची नवी सून!"

मी खाली गेले अन् तिला नीट विचारलं. आपल्या तांड्यात सोयरीक जमली की गूळ खातात. त्यांच्याकडं मुलाची कोथळी पोरीकडं जाती. पोरीनं ती सोताच्या हातानं टांगली की होकार झाला. मग तोंडानं विचारायचं कारणच न्हाई.

म्हणून टांग, टांग! म्हणून सोताच्या हातानं! म्हणून चार ओळी लिही! मला वाटलं भाऊ मला आगीपासून सांभाळायला शिकवून राहिला. वायर, उदबत्ती, ओल, अन् त्यात हळूच ही कोथळी. लाज न्हाई वाटली? बकरी विकणारा बी बकरीला दावं दाखवून नेतो.

याडी पाणी भरायला गेली तवा तूच पेटी पुन्हा उघडली ना? का तिनंच ठेवली? तिला बी ठाऊक हाय का हे? खरं लिही. मी लग्न करणार न्हाई. रतनसिंगाशी न्हाई, कोणाशीच न्हाई, शिकून होईस्तोवर.

कोथळी काढून पेटीखाली टाकलीय. जाळणार होते. पद्मानं हात धरला.

जमना

•

पुसेगाव
१७ ऑगस्ट १९७४

जमना,

आवाज खाली. बकरी म्हणती! तुला खड्ड्यात ढकललं का मी? पोरगा ट्रॅक्टर चालवतो, पितो बी कमी. बाप नाईक हाय. तुझ्यासारख्या तोंडाळ पोरीला असं घर चालून आलं हे नशीब समज.

व्हय, ठेवली मी कोथळी. बा मेल्यावर घरातला कर्ता मी हाय. काय वाईट केलं? तुला तोंडावर विचारलं असतं तर तू काय बोलली असती ते सारा तांडा जाणतो. अन् याडीला काय सांगायचं, ती तर तुझ्याच ताटात जेवती.

आता काढून टाकली काय अन् जाळली काय, काही फरक पडत न्हाई. तुझं पत्र मी नसाबीत वाचून दाखवलंय. दोन्ही तांड्यांचे पंच बसले होते. "माझ्या हातानं टांगली, मला लई आवडली," हे तुझंच अक्षर. खेमा नाईकानं तिथंच मला मिठी मारली. दसऱ्यानंतर आपल्या पद्धतीनं गूळ बी खायचा ठरलाय. मी तुला घ्यायला येईन. कॉलेजचं लग्नानंतर बघू. तसं नाईक न्हाईच म्हणतो.

मोडायचं मनात आणू नको. पंचांपुढं झालेली सोयरीक मोडली तर शिक्षा पोरीच्या आईला हाय. याडीची बोलचाल बंद करतील. कुणी पाणी भरू देणार न्हाई, कुणी विस्तव देणार न्हाई. तुझ्या चार पुस्तकांपायी ह्या वयात तिला वाळीत टाकायचं असंल तर टाक. अन् खेमा नाईकानं मला नसाबीत कारभारी करायचा शब्द दिलाय. नाईकाच्या खालोखाल मान हाय तो. जन्मभर तलाठ्याची पायताणं उचलू का मी?

थावरसिंग

•

जि. प. प्राथमिक शाळा, पुसेगाव
२२ ऑगस्ट १९७४

जमना,

मी तुझी याडी बोलून राहिले. संतराम गुरुजी लिहून राहिले.

तुला लाज न्हाई. तुला कॉलेजात घालायचं म्हणून मी तांड्याशी वैर घेतलं. पोरगी बिघडंल म्हणणाऱ्या एकेकाच्या दारात जाऊन भांडले. तुझ्या वाट्याचं पाणी मी आणलं, सरपण मी आणलं, शेरडं मी राखली, पण तुला पुस्तकावरून उठवलं न्हाई. ते काहून? दुसऱ्याच्या घरी जाऊन पाणी भरण्यासाठी?

अन् तू महिन्यात नवरा पसंत केला! मला कळतंय ते नसाबीतून, थावरानं कागद वाचला तवा. मी बायांत मागं बसले होते. "मला लई आवडली," म्हणं. साऱ्या बाया माझ्याकडं बघून हसल्या. मी मान खाली घातली. जन्मात घातली न्हवती.

तुला लग्नच करायचं होतं तर मला सांगायला तोंड न्हवतं? मी न्हाई म्हणले असते का? आधी तुला झोडपलं असतं, मग लावून दिलं असतं. पण मला चोरून का? भावाला सांगितलं अन् मला न्हाई. ज्या याडीनं सारं केलं तिला न्हाई.

आता गूळ खायला येशील तवा माझ्याशी बोलू नको.

वरील मजकूर रूपाबाई यांनी शाळेच्या ओट्यावर बसून सांगितला तसा लिहिला आहे. काही शिव्या मी गाळल्या आहेत. बाई बोलताना मधून मधून रडत होत्या, हे त्यांनी लिहू नका सांगितले आहे. अभ्यासाकडे लक्ष असावे.
— संतराम गुरुजी

•

नांदेड
२८ ऑगस्ट १९७४

याडी,

हे गुरुजी तुला वाचून दाखवतील. थावराच्या हाती पडू देऊ नको.

तुझ्या शिव्या गुरुजींनी गाळल्या तरी पोचल्या. पोटभर पोचल्या. अन् माझा बी राग ऐक. मी नवरा पसंत केला हे तुला खरं वाटलंच कसं? नसाबीत उभं राहून, थावरा काय वाचून राहिला, असं वरडली का न्हाईस? माझ्यासाठी दारोदार भांडलीस, अन् एका कागदापुढं गप बसलीस?

मला ठाऊक न्हवतं याडी. पेटीत कोथळी निघाली. थावरानं लिहिलं, मामीनं शिवलीय, खोली सजव, गजाला टांग. मी टांगली. आतली सुपारी पद्मानं खाल्ली. आवडली म्हणून लिहिलं ते कोथळीचं. खोली सुनी होती, आरसे चमकायचे, म्हणून. रतनसिंग कोण, काळा का गोरा, मला म्हाईत बी न्हाई. थावराचं उत्तर येईस्तोवर मी मनातल्या मनात तुझ्याशीच भांडत होते, की तू मला असं फसवून दिलंस. अन् तू तिकडं माझ्यावर जळत होतीस. आपल्या दोघींच्या भांडणावर त्यानं सोताची कारभारकी शिजवली.

मी लग्न करणार न्हाई. हे तुला विचारत न्हाई, सांगून राहिले. पण थावरा म्हणतो, मोडलं तर तुझी बोलचाल बंद. तुला पाणी मिळणार न्हाई, विस्तव मिळणार न्हाई. हे वाचल्यापासून मला घास जात न्हाई. पद्मा म्हणती, नको जाऊ, इथंच राहा. पण पद्माच्या आईला कोणी वाळीत टाकत न्हाई. माझ्या शिकण्याचं मोल तू भरायचं, हे मला बघवत न्हाई. अन् न शिकता परत यायचं, हे बी जमत न्हाई. तू सांग काय करू. न्हाईतर राहू दे, सांगू नको. तू कर म्हणलीस तर मला करावं लागंल.

कोथळी गुरुजींच्या पत्त्यावर पार्सलनं पाठवून राहिले. तुझ्या मनाला येईल ते कर तिचं. जाळ, न्हाईतर बकरीच्या गळ्यात बांध.

तुझी,
जमना

•

पुसेगाव
१४ सप्टेंबर १९७४

जमना,

नाक कापलं. माझं कापलं, घराण्याचं कापलं, तांड्याचं कापलं. खूश हो.

परवा नसाब बसली. गूळ खायचा दिवस ठरवायला खेमा नाईक सोता आला होता, रतनसिंग बी होता, नवा शर्ट घालून. सारं गोडीत चाललं होतं. तेवढ्यात आपली याडी बायांतून उठली अन् बाप्यांच्या मधी आली. नसाबीत बाई अशी येत न्हाई, तिला चांगलं ठाऊक हाय. तिनं कोथळी पंचांपुढं आपटली. आतून तुझा कंगवा निघाला, केसांसकट.

म्हणली, "ही कोथळी माझ्या दारात आली न्हाई. माझ्या पोरीच्या बी दारात आली न्हाई, कारण तिला दार न्हाई. खोली सरकारची, खिडकी सरकारची, गज सरकारचा. त्या गजाला टांगलेली कोथळी सरकारला लागली. नाईकाला सोयरीक करायची तर सरकारशी करा. अन् आतली सुपारी वसमतच्या खिल्लाऱ्याच्या पोरीनं खाल्लीय. तिला बी विचारून घ्या."

म्हातारे पंच फिदीफिदी हसले! बाया तर लोळायच्या बाकी होत्या. खेमा नाईक लालबुंद होऊन उठला. मी याडीच्या अंगावर धावलो, तर तिनं माझ्या कानाखाली वाजवली. साऱ्यांपुढं. मी सरकारी माणूस हाय! रतनसिंग तर तोंडावर हात धरून हसत होता, बावळट.

पण हसून भागत न्हाई. नाईकाचा अपमान झालाय. पंचांनी सोयरीक थांबवली अन् याडीची बोलचाल बंद केली. तिच्याशी कोणी बोलायचं न्हाई. मी सांगितलंच होतं. माझी कारभारकी गेली, ती वेगळीच.

आता एकच वाट हाय. खेमा नाईक म्हणतो, पोरीनं सोता येऊन पंचांपुढं "व्हय" म्हणलं तर मी सारं इसरतो. याडीचं पाणी खुलं होईल, माझा मान बी ऱ्हाईल. तू ये. एक शबुद बोलायचाय तुला. याडी कशी राहून राहिली ते बघशील तर दगडाला पाझर फुटंल. विहिरीवर साऱ्या बाया गेल्यावर जाती. तुझ्यामुळं.

थावरसिंग

•

पुसेगाव
४ ऑक्टोबर १९७४

चि. जमनास,

तुझा रुसवा समजला, पत्राचं उत्तर न्हाई. आता रुसायची वेळ न्हाई. याडी लई आजारी हाय. अन्नपाणी सुटलं. शेवटच्या घटका मोजून राहिली. सारखं जमना जमना करती. बोलायला बी येत न्हाई आता, नुसती दाराकडं बघती. असंल तशी निघ. तोंड बघायचं असंल तर उशीर करू नको. मी औंढ्याच्या स्टँडवर घ्यायला येतो.

तुझा भाऊ,
थावरसिंग

•

नांदेड
८ ऑक्टोबर १९७४

थावरा,

तुझं कार्ड आज दुपारी आलं. मी खोलीत मोठ्यानं वाचायला लागले, कारण एक माणूस म्हणालं, "काय लिहितोय, वाच की." ते माणूस माझ्या खाटेवर मांडी घालून बसलं होतं, अन् भाकरीवर पद्माच्या घरचा ठेचा घेऊन खात होतं.

व्हय, याडी इथं हाय. वसमतला मामाकडं जाते असं सांगून ती गाठोडं घेऊन निघाली ना? वसमतला ती उतरलीच न्हाई. तशीच एष्टीत बसून राहिली ती नांदेडला आली. गुरुजींनी वसतिगृहाचा पत्ता कागदावर लिहून दिला होता, तो दाखवत दाखवत गेटावर आली. दुसऱ्या दिवशी सोनकीनं तिला मुकादमाकडं नेलं. तवापासून ती नव्या इमारतीवर कामाला हाय. सोनकीच्याच झोपडीत ऱ्हाती. खेमा नाईकाच्या तांड्याची बाई तिला पाणी देती, विस्तव देती अन् दिवसभर बोलती. इथं कुठली आलीय बोलचाल बंद! दुपारी जेवायच्या सुट्टीत वर येती. रेक्टरबाई पहिल्या दिवशी म्हणाली, "कामगार बायांना आत बंदी आहे." याडी म्हणाली, "भिंत आमी बांधायची अन् आत यायचं न्हाई व्हय?" तवापासून रेक्टरबाई त्या वेळेला ऑफिसातून बाहेर येत न्हाई.

ती मामाकडं हाय, रुसलीय, चार-आठ दिवस काही कळणार न्हाई, असा तुझा हिशेब होता ना? म्हणून कार्ड टाकलंस. ती खरंच तिकडं असती तर मी काय केलं असतं ठाऊक हाय? कार्ड वाचल्या वाचल्या रडत एष्टीत बसले असते. औंढ्याच्या स्टँडवर तू उभा असतास, संगती खेमा नाईक. मग याडीच्या नावानं मी "व्हय" म्हणाले असते. तू बराबर वळखतोस मला. त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

"शेवटच्या घटका" वाचलं तशी पद्मा हसायला लागली. मला बी हसू येणार होतं. पण याडी हसली न्हाई. म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. बोलायला बी येत न्हाई आता, नुसती दाराकडं बघती. तिनं हातातली भाकर ताटलीत ठेवली. "हे थावरानं सोता लिहिलं? कोणाकडून लिहून तर न्हाई घेतलं?" मी अक्षर दाखवलं. तिला वाचता येत न्हाई, तरी तिनं कार्ड हातात घेऊन खालवर बघितलं. मग म्हणाली, "तू लहान होतीस तवा ह्याला ताप आला होता. सारा तांडा म्हणला, न्हाई वाचत. मी एकटी म्हणले, वाचतो. त्याच्या बाबतीत मी मरणाचा शबुद तोंडातून काढला न्हाई." खालून मुकादमाची शिट्टी झाली तरी उठली न्हाई. मी विचारलं, त्याला काय लिहू? तवा तिनं सांगितलं. मी एक शबुद गाळत न्हाई, गुरुजींसारखी भली मी न्हाई:

"थावरा, तू मला मारून टाकलं, आता अर्धं काहून ठेवतो? पुरं मार. डोकं भादर, तांड्याला जेवण घाल, खेमा नाईकाला पहिल्या पंगतीला बसव. मी काही परत येऊन तुला खोटं पाडणार न्हाई."

जमना